व्यासपीठ आणि माजघर

मनुष्य सभेत जसा बोलतो तसाच तो माजघरातही वागतो काय, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्या-मुंबईच्या सुशिक्षितांना फार बोचला. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ साली झाला होता. त्याच्या समर्थनार्थ व्याख्याने होत, लेख लिहिले जात, टाळ्याही पडत. परंतु स्वतःच्या घरी तसा प्रसंग आला म्हणजे पुष्कळांना वडीलधाऱ्यांची, जातीची, मुलींच्या लग्नांची आठवण होई. या मंडळींना सरसकट ढोंगी म्हणणे सोपे आहे. ते न्याय्य मात्र नाही.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचेच उदाहरण घ्यावे. विधवाविवाहाच्या पुरस्कर्त्यांत त्यांचे नाव अग्रभागी होते. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली, तेव्हा ते ३१ वर्षांचे होते. आता हे विधवेशी विवाह करणार, या धास्तीने वडिलांनी घाईने अकरा वर्षांची वधू ठरविली. रानड्यांनी विरोध केला, विनवणी केली. पण वडिलांचा शब्द मोडणे त्यांच्याने झाले नाही. लोकांनी त्यावरून त्यांना बोल लावले, आणि ते लावण्याजोगेच होते. रानड्यांच्या ठिकाणी विचार आणि पितृभक्ती या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्या दिवशी विचार हरला. त्याच बालवधूला त्यांनी घरच्या स्त्रियांचा रोष पत्करून शिकविले, आणि रमाबाई रानडे पुढे पुण्याच्या सेवासदनाच्या आधारस्तंभ झाल्या. चूक त्यामुळे पुसली गेली असे कोणी म्हणणार नाही.

वीस वर्षांनी तोच प्रसंग धोंडो केशव कर्वे यांच्यापुढे आला. ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत. वक्तृत्वाची देणगी त्यांना नव्हती, स्वभाव भिडस्त. १८९१ मध्ये पत्नी राधाबाई निवर्तल्या. पुन्हा विवाह करायचाच तर विधवेशी करायचा, एवढे त्यांनी मनाशी ठरविले. मार्च १८९३ मध्ये त्यांनी पुण्यास गोदूबाईंशी विवाह केला. गोदूबाई त्यांच्या स्नेह्याची बालविधवा भगिनी. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात त्या शिकलेल्या होत्या.

याची किंमत पुण्यापेक्षा कोकणात जास्त पडली. कर्व्यांचे गाव मुरूड. तेथे ग्रामस्थांनी सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यांना जवळ करणारा आप्तही बहिष्कारात सापडावा, अशी ती योजना होती. मत कर्व्यांचे, शिक्षा मात्र म्हाताऱ्या आईने आणि भावानेही भोगायची! प्रामाणिक वर्तनाची बिकट बाजू हीच असते. स्वतःपुरते सोसणे एक वेळ जमते. आपल्यामुळे आई लोकांच्या पंक्तीतून उठविली जाईल, ही कल्पना भल्याभल्यांचे पाय मागे ओढते. १८७३ सालच्या रानड्यांकडे पाहताना हे विसरून चालत नाही.

अंतर्बाह्य एक असणे म्हणजे सर्वांवर आपले मत लादणे, असाही एक समज आढळतो. कर्व्यांच्या वागण्यात तो नव्हता. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, तेव्हा पुनर्विवाहाचा आग्रह न धरता शिक्षणावर भर दिला. काही सुधारकांना ही माघार वाटली. पण मुलीला आश्रमात पाठविणाऱ्या भित्र्या बापाचा विश्वास मिळविल्यावाचून ती मुलगी शिकणार कशी? स्वतः केलेला विवाह कर्व्यांनी कधी लपविला नाही. तो दुसरीने केलाच पाहिजे, असेही म्हटले नाही.

त्यांची मेहुणी पार्वतीबाई आठवले याच आश्रमात आली. ती विधवा आणि जुन्या वळणाची. केशवपनाचा आचार तिने कित्येक वर्षे सोडला नाही. थोरल्या बहिणीने पुनर्विवाह केलेला, धाकटी सोवळी, आणि दोघींचा संबंध एकाच घराशी. कर्व्यांनी तिला तिच्या मार्गाने जाऊ दिले. पुढे केस राखण्याचा निर्णय तिने आपल्या बुद्धीने घेतला, आणि आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत ती गावोगाव हिंडली.