मकतबमधील बालशिक्षण आणि डिजिटल तंत्रज्ञान : विशेष संदर्भ सुलतानपूर

प्रस्तावना :
बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातील सुलतानपूरसारख्या गावात मुस्लिम बालकाच्या धार्मिक शिक्षणाचा आरंभ सामान्यतः मकतबमध्ये होतो. शाळेच्या वेळेआधी किंवा नंतर भरणाऱ्या या वर्गात अरबी अक्षरओळख, कुरआनचे नाजरा म्हणजे पाहून केलेले वाचन, नमाज व दुआ शिकविल्या जातात. २०२० च्या टाळेबंदीत असे वर्ग बंद राहिले, तेव्हा अनेक ठिकाणी मोबाईलवरून पाठ देण्यात आले. त्यामुळे या शिक्षणात डिजिटल साधनांचे नेमके स्थान कोणते, हा प्रश्न विचारार्ह ठरतो.

उच्चारणाची समस्या :
अरबी वर्णमालेतील से, सीन व साद ही भिन्न अक्षरे उर्दू बोलणारे मूल एकाच 'स'ने उच्चारते. 'क़ल्ब' म्हणजे हृदय. परंतु कंठमूळातील 'क़' ऐवजी साधा 'क' उच्चारल्यास त्याच शब्दाचा अर्थ 'कुत्रा' असा होतो. म्हणूनच नूरानी कायदा या प्राथमिक पुस्तकाच्या अध्यापनात मखरजवर, म्हणजे उच्चारस्थानावर भर दिला जातो. बालवयात रुळलेली चूक पुढे सुधारणे कठीण जाते.

साधनांची उपयुक्तता :
या क्षेत्रात यंत्राचा प्रवेश नवा नाही. इजिप्तचे कारी महमूद खलील अल-हुसरी यांचे संपूर्ण कुरआनचे पठण १९६१ मध्ये ध्वनिमुद्रित स्वरूपात उपलब्ध झाले. पूर्वी कॅसेटने केलेले कार्य आज मोबाईल करतो. एकदा उतरवून घेतलेले पठण इंटरनेटशिवायही हवे तितक्या वेळा ऐकता येते. मोठ्या वर्गात मौलवींना प्रत्येक मुलाला पुरेसा वेळ देणे अवघड असते. अशा वेळी घरी आमोख्ता, म्हणजेच मागील पाठाची उजळणी, करण्यास हे साधन उपकारक ठरते.

मर्यादा :
तथापि, ध्वनिमुद्रण आदर्श ऐकविते, मुलाचे ऐकत नाही. ज्या मुलाच्या कानाला दोन 'स' मधील भेद अद्याप कळत नाही, ते चुकीचा उच्चारही बरोबर समजून घोकते. मकतबमध्ये मूल पाठ ऐकविते आणि उस्ताद त्याच्या ओठांची हालचाल पाहून तत्क्षणी दुरुस्ती करतात. ध्वनिसंदेशाद्वारेही दुरुस्ती शक्य आहे; मात्र उत्तर येईपर्यंत चुकीची पुनरावृत्ती होत राहते. याशिवाय जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षे वयाच्या बालकांसाठी पडद्यासमोरील बैठा वेळ दिवसाला एक तासापेक्षा अधिक नसावा, असे सुचविले आहे. पैगंबरांचे चित्रण बहुसंख्य मुस्लिम परंपरेत वर्ज्य असल्याने सचित्र कथांची निवडही विवेकाने करावी लागते.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून साधनांपेक्षा त्यांच्या वापराचा क्रम महत्त्वाचा असल्याचे स्पष्ट होते. नवा पाठ प्रथम उस्तादांसमोर शुद्ध करून घ्यावा. त्यानंतरच घरी, शक्यतो पडदा बंद ठेवून, ध्वनिमुद्रणाच्या आधारे तो दृढ करावा. हा क्रम पाळल्यास मोबाईल मकतबचा पूरक ठरेल. क्रम उलटल्यास तोच चूक पक्की करणारे साधन बनेल.