जाणत्या हातांना निरोप कशासाठी?

घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गालगत उभ्या असलेल्या कारखान्यांच्या सूचनाफलकांवर १९९१ नंतर एक शब्द वारंवार झळकू लागला : स्वेच्छानिवृत्ती. विक्रोळीच्या कन्नमवारनगर आणि टागोरनगर या वसाहतींत तो लवकरच घरोघरच्या बोलण्यातला झाला. या शब्दातील ‘स्वेच्छा’ कितपत खरी, यावर कामगार संघटनांनी पुष्कळ लिहिले-बोलले आहे. कारखान्याचे स्वतःचे त्यात काय गेले, याचा हिशेब मात्र फारसा कोणी मांडलेला नाही.

या योजनांचा साचा आयकराच्या नियमांनी घडविला. १९६१ च्या आयकर कायद्याखाली स्वेच्छानिवृत्तीच्या रकमेवर ५ लाख रुपयांपर्यंत करमाफी ठेवण्यात आली. तिच्या अटी अशा : कामगाराच्या वयाची ४० किंवा नोकरीची १० वर्षे पूर्ण झालेली असावीत, एकूण कामगारसंख्या घटावी, रिकामी झालेली जागा पुन्हा भरू नये, आणि गेलेल्या माणसाला त्याच व्यवस्थापनाच्या दुसऱ्या कंपनीतही घेऊ नये. हेतू बहुधा करमाफीचा गैरवापर रोखण्याचा असावा. परिणाम मात्र असा झाला की, जाणता कामगार बाहेर पडला, त्याच्या यंत्रावर त्याच्याकडून शिकून घेणारा कोणी आला नाही, आणि त्याला परत बोलावण्याची वाटही बंद झाली. वडीलधाऱ्यांनी जागा सोडल्याखेरीज तरुणांना वाव कसा मिळणार, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. तो वरवर न्याय्य वाटतो. पण जागाच भरावयाची नसेल, तर वाव कोठला? १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्याचे सूत्र याच्या नेमके उलट होते : कपात करणे भागच पडले, तर सर्वांत शेवटी आलेल्याने प्रथम जावे. त्या सूत्रात जुन्या नोकराविषयीची कणव होती, तसा व्यवहारही होता.

हा व्यवहार समजून घेण्यास विक्रोळीसारखे दुसरे ठिकाण नाही. गोदरेज आणि बॉइसच्या येथील कारखान्यात पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी १९५१ साली लाखो मतपेट्या तयार झाल्या. याच कंपनीने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र आणले. आज निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या किती तरी कारकुनांची बोटे त्या यंत्रावर तयार झाली असतील! त्याचे असंख्य बारीक भाग जुळविल्यानंतरही काम संपत नसे. अक्षर ओळीच्या किंचित वर पडते की खाली, हे पाहून त्याची दांडी केसभर वाकवावी लागे. ती किती वाकवावयाची, हे आराखड्यात लिहून ठेवता येत नाही. शेजारी उभे राहून, चार वेळा चुकूनच ते हाताला कळते. २००९ साली या यंत्राचे उत्पादन थांबले आणि त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. परंतु यंत्राचे दिवस संपले म्हणून ते जुळविणाऱ्याच्या नजरेचेही दिवस संपले, असे समजणे फार महागात पडते. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन उडालेल्या अग्निबाणाची ‘विकास’ इंजिने याच विक्रोळीत तयार झाली होती. मतपेटीचा पत्रा आणि अग्निबाणाचे इंजिन यांच्यातील अंतर अफाट आहे. तरीही धातूचे जोडकाम आणि सूक्ष्म मापांची शिस्त जेथे पिढ्यान्‌पिढ्या मुरली आहे, तेथेच असे काम उभे राहते, असे मला वाटते.

वय वाढले की दृष्टी मंदावते, पाठ दुखते, हा आक्षेप खोटा नाही. जर्मनीतील डिंगोल्फिंग येथे बीएमडब्ल्यू कंपनीने २००७ साली एका उत्पादन-साखळीवर मुद्दाम सरासरी ४७ वर्षे वयाचे कामगार नेमले आणि त्यांनाच त्यांच्या अडचणी विचारल्या. लाकडी तळ, टेकण्यास बसकी खुर्ची, बारीक भाग पाहण्यास भिंग, कामाची अदलाबदल अशा सुमारे ७० किरकोळ सुधारणा झाल्या. वर्षभरात त्या साखळीची उत्पादकता ७ टक्क्यांनी वाढली. जपानने तर २०१३ पासून, इच्छा असलेल्या कामगाराला ६५ व्या वर्षापर्यंत काम देण्याची तजवीज करणे मालकांवर बंधनकारक केले. तेथे तरुण माणसे कमी आणि आपल्याकडे उदंड, हे खरे; पण उदंड तरुणांना शिकविणार कोण?

कामगाराच्या बाजूने पाहावे, तर एकरकमी पैशाचा मोह समजण्यासारखा आहे. मुलीचे लग्न असते, पतपेढीचे कर्ज असते. पुढे काय? १९९५ च्या योजनेनुसार पूर्ण निवृत्तिवेतन ५८ व्या वर्षी. पन्नाशीनंतर मागितल्यास जितकी वर्षे आधी, तितके दरवर्षी ४ टक्के कमी. २०१४ मध्ये त्याची किमान मर्यादा ठरली, तीही दरमहा १,००० रुपये. पंचेचाळिसाव्या वर्षी घरी बसलेल्या फिटरला तेवढ्यासाठीही थांबावे लागते. दरम्यान तो कोठे तरी पहारेकरी होतो. हातात कसब असलेला माणूस रात्रभर दुसऱ्याच्या दारात बसून राहतो, याला काटकसर म्हणावे काय?

शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आपल्याकडे आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून आलेल्या मुलाला लेथ चालविता येते. पण लेथच्या आवाजातला फरक त्याला ओळखता येत नाही. निवृत्तीपूर्वीची शेवटची दोन वर्षे कामगाराने अर्धी पाळी यंत्रावर आणि अर्धी या मुलांबरोबर घालवावी, वेतन पूर्ण मिळावे, आणि अंगमेहनतीचे उचल-ठेवीचे काम त्याच्याकडून काढून घ्यावे. यासाठी नवा कायदा लागत नाही, संघटना आणि व्यवस्थापन यांच्यातील करार पुरतो. विक्रोळी-भांडुपच्या पट्ट्यात जे कारखाने अजून टिकून आहेत, त्यांनी प्रारंभी एक यादी करावी : पुढील तीन वर्षांत कोण निवृत्त होणार, आणि त्याच्यावाचून कोणते काम अडणार. पहिला रकाना कार्यालयातील कारकून जन्मतारखांवरून तासाभरात भरील. दुसऱ्यासाठी त्याला खाली यंत्रशाळेत जाऊन विचारावे लागेल.