माचिसच्या काड्यांची कैची
खटाटोप : लेखांक ५

रब्बीची ज्वारी काढून कडब्याच्या पेंढ्या बांधल्या, की जालना जिल्ह्यातल्या पोरांचा एक स्वतंत्र कारखाना सुरू व्हायचा. वाळलेलं ताट घ्यायचं, दातांनी त्याचं साल सोलून लांब पट्ट्या काढायच्या आणि आतलं पांढरं, हलकं भेंड बोटभर तुकड्यांत मोडायचं. बैलगाडीला लागणारा सगळा माल एवढाच. भेंड हे लाकूड, साल हा खिळा. सालाची टोकदार काडी भेंडात खुपसली की जोड पक्का. खाली चार काड्या टोचल्या की बैलाचे पाय, वर दोन वाकवून टोचल्या की शिंगं.

खरी कसोटी चाकाची. कडक वाळलेलं साल गोल करायला गेलं की काडकन मोडतं, म्हणून ते थोडं भिजवावं लागतं. चाक आसावर घट्ट बसलं तर गाडी फरफटत येते, भोक मोठं झालं तर चाक डुगडुगतं. या दोन्हींच्या मधलं माप पोराला कोणी सांगत नाही, तीनचार चाकं वाया घालवून ते त्यालाच सापडतं. मध्ये सालाच्या धारेनं बोटही कापतं.

जालन्याच्या दगडी ज्वारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण जिल्ह्यातल्या बऱ्याच शिवारांत आता कपाशी आणि सोयाबीन दिसतं, आणि पऱ्हाटीच्या लाकडी काडीला ना तसं साल ना तसं भेंड. यावर हळहळत बसण्यात अर्थ नाही. ताट गेलं तरी घरात खोकी आली, बाटल्यांची बुचं आली, लग्नसराईत तर जाड पत्रिकांचा ढीग पडतो. आणि माचिस अजून कुठे गेलेली नाही.

अमेरिकेत रॉचेस्टर शहरातल्या ‘स्ट्राँग’ संग्रहालयात खेळण्यांचं एक राष्ट्रीय मानाचं दालन आहे. तिथे २००५ साली पुठ्ठ्याच्या खोक्याला आणि २००८ साली साध्या काठीला जागा मिळाली. आपल्याकडे हे शहाणपण त्याच्या कितीतरी आधी आलं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम उभं केलं, पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीची साधनं सुबक खरी, पण महाग. ती आदिवासी पाड्यावर परवडणार कशी? म्हणून ताराबाईंनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हेच शिकण्याचं साहित्य केलं. शाळेत साधनं नाहीत ही सबब त्यांनी त्या काळातच निकालात काढली, आपण मात्र ती अजून वापरतो.

दुसरं नाव अरविंद गुप्ता यांचं. आयआयटी कानपूरचे हे अभियंता पुण्यात टेल्कोत नोकरीला होते. १९७८ मध्ये रजा काढून ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण प्रकल्पात गेले. स्वस्त सामान शोधत आठवडी बाजार पालथे घालताना त्यांच्या हाती सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब लागली. तिचा छोटा तुकडा कापून दोन्ही बाजूंनी माचिसच्या काड्या खुपसल्या की सांधा तयार. पुढे पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊतून असंख्य खेळणी केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

हा सांधा घरी करून पाहण्यासारखा आहे. माचिसच्या काड्यांचा गुल आधी मोठ्या माणसानं खरवडून टाकावा. चार काड्या जोडून चौकोन करा आणि कोपरा दाबा, तो लगेच कलंडून तिरका होतो. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबा, आकार सोडत नाही. आता मुलाला मोंढ्यातल्या पत्र्याच्या शेडखाली उभं करून वर बघायला सांगा. छताला तोलून धरणाऱ्या लोखंडी कैचीत त्रिकोणच त्रिकोण भरलेले दिसतील. सहा-सात वर्षांच्या पोराला यापुढे व्याख्यान लागत नाही.

त्याहून लहान मुलांचं गणित वेगळं. हॅरिएट जॉन्सन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी मुलं ठोकळ्यांशी कशी खेळतात ते बघून १९३३ मध्ये एक क्रम मांडला. मूल आधी ठोकळे नुसते इकडून तिकडे वाहतं, मग एकावर एक रचतं, मग दोन ठोकळ्यांवर तिसरा आडवा टाकून पूल करतं, मग चारी बाजूंनी कुंपण घालतं. रचलेल्याला घर, गोठा असं नाव देऊन खेळणं बरंच नंतर येतं. स्वयंपाकघरातल्या वाट्या-डब्यांवर हेच चालू असतं. म्हणून दोन वर्षांच्या मुलाला ‘हे काय बनवलंस?’ असं विचारण्यात हशील नाही. त्याला सामान पुरवावं आणि पसारा तासभर तसाच राहू द्यावा. मोडकळीला आलेला मनोरा सावरायला मध्ये हात घालणारे आजोबा हे या वयातले सर्वांत मोठे अडथळे असतात, प्रेमळ असले तरी.

एका बाबतीत मात्र करडी नजर हवी. कपाशीच्या गावात फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे आणि बाटल्या घरोघरी असतात. कितीही धुतल्या तरी त्या खेळात येता कामा नयेत. तीन वर्षांखालच्या मुलाजवळ चिंचोके, मणी, बारीक बुचं ठेवू नयेत. जुन्या रिमोटमधून किंवा खेळण्यातून निघालेला बटण सेल सर्वांत घातक. तो गिळून अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर जखम होऊ शकते. अशा वेळी घरगुती उपाय न करता मुलाला थेट मोठ्या दवाखान्यात न्यावं.