माकडताप ओळखताना

सिंधुदुर्ग आणि गोव्यात ज्याला माकडताप म्हणतात, तो क्यासनूर फॉरेस्ट डिसीज गोचिडीच्या चाव्यातून होणारा विषाणूजन्य आजार आहे. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या रानात माकडे मरू लागली, भोवतालच्या गावांत ताप पसरला आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्यामागचा विषाणू शोधला. पुढे २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात रुग्ण आढळले.

माणसाला बहुधा गोचिडीची पिल्ले चावतात. ती इतकी बारीक असतात की चावा लक्षातही येत नाही. त्यामुळे ‘गोचीड चावली का?’ याचे उत्तर ‘नाही’ आले, तरी त्यावर विसंबता येत नाही. गेल्या काही दिवसांत काजूच्या बागेत किंवा लाकूडफाट्यासाठी रानात जाणे झाले का, आसपास माकड मेले होते का, हे विचारायलाच हवे. डिसेंबर ते मे या काळात तर हे प्रश्न केसपेपरवर आधी यावेत. रक्ताच्या अहवालाइतकीच किंमत या दोन उत्तरांना आहे.

चावल्यानंतर तीन ते आठ दिवसांत एकाएकी थंडी-ताप, कपाळ फुटेल असे डोके दुखणे आणि तीव्र अंगदुखी सुरू होते. डोळे लाल होतात. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून डेंगीचा शिक्का पटकन बसतो. काहींना उलट्या-जुलाबच इतके होतात की पोटाचा आजार वाटतो. काहींच्या हिरड्यांतून, नाकातून किंवा शौचावाटे रक्त जाते. ताप चढलेला असूनही नाडी मंद आणि रक्तदाब कमी असेल, तर माकडतापाची शंका घ्यावी. स्क्रब टायफस आणि लेप्टोही तपासावेत, कारण त्यांवर प्रतिजैविके चालतात आणि ती लांबवणे जिवावर बेतू शकते.

सर्वांत फसवे रूप दुसऱ्या टप्प्यातले. दहा-वीस टक्के रुग्णांचा ताप उतरतो, आठवडा-दोन आठवडे बरे जातात आणि मग पुन्हा ताप, मानेचा ताठरपणा, कंप, भ्रम दिसू लागतो. असा रुग्ण मेंदूज्वराचा म्हणून दाखल होतो आणि मधल्या बऱ्या दिवसांमुळे आधीचा ताप घरचे सांगतच नाहीत. तो खोदून विचारावा लागतो.

पहिल्या दिवसांत आरटी-पीसीआरने विषाणू सापडतो. नंतर आयजीएम प्रतिपिंडांची चाचणी उपयोगी पडते. नमुना थंड साखळीतूनच पाठवावा लागतो. विषाणूवर खास औषध नाही. सलाईन, रक्तस्रावावर लक्ष आणि गरजेप्रमाणे रक्तघटक, हाच आधार. अ‍ॅस्पिरिनसारखी वेदनाशामके टाळावीत. तरीही शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात.

माकडताप माणसाकडून माणसाला होत नाही. क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप हा गोचिडीचाच दुसरा आजार मात्र रुग्णाच्या रक्तातून पसरतो. २०११ मध्ये गुजरातेत त्याने रुग्णासोबत उपचार करणाऱ्यांचेही जीव घेतले. म्हणून रक्तस्राव असलेल्या तापाच्या रुग्णाला, निदान होईपर्यंत, हातमोजे, मास्क आणि गाऊन घालूनच हात लावावा.