माळ्यावरच्या डब्यातला आंबूस वास

दिवाळीची साफसफाई निघाली, की माळ्यावरून एखादा विस्मरणात गेलेला डबा खाली येतो. आत पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या दोन इंची चौकटीत बसवलेल्या छोट्या छोट्या रंगीत फिल्म असतात. उजेडाकडे धरल्या, की कुणाचं लग्न दिसतं, कुणाचं बारसं, कधी लुगड्यातली तरुण आजी. या स्लाइड. घरात हौशी कॅमेरावाला असेल किंवा कुणी परदेशी गेलेलं असेल, तर पाहुणे जमल्यावर भिंतीवर पांढरी चादर लावून त्या दाखवल्या जात.

डबा उघडताच लोणच्यातल्या व्हिनेगरसारखा वास आला, तर मात्र घाई करायला हवी. तो वास फिल्म कुजू लागल्याचा आहे.

वास कशाचा?

बहुतेक स्लाइडची फिल्म सेल्युलोज ॲसिटेटची असते. उष्णता आणि ओलावा मिळाला, की या पदार्थातून ॲसेटिक आम्ल सुटू लागतं. व्हिनेगरमध्येही हेच आम्ल असतं. सुटलेलं आम्ल पुढची झीज आणखी वाढवतं, म्हणून सुरुवात मंद असली तरी नंतर वेग वाढत जातो. फिल्म आक्रसते, वाकते, ठिसूळ होते. याला ‘व्हिनेगर सिंड्रोम’ म्हणतात.

विशेष म्हणजे ट्रायॲसेटची फिल्म १९४८ मध्ये बाजारात आल्यानंतर अशा झिजेची पहिली तक्रार कोडॅक कंपनीकडे गेली ती भारतातून. उष्ण, दमट जागी साठवलेल्या सरकारी फिल्मबद्दलची ती तक्रार होती. २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल, तर ताज्या फिल्ममध्ये ही झीज सुरू व्हायला साधारण ४० वर्षं लागतात, असा अंदाज आहे. वाशिम, कारंजा, रिसोडच्या घरांत उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि टिनाखालचा माळा त्याहून तापतो. पाठोपाठ पावसाळ्याची ओल येते. म्हणजे आपल्याकडचा हिशेब त्याहून कमी वर्षांचा.

रंगांचंही तसंच आहे. अनेक जुन्या स्लाइड अंधारात ठेवूनही लालसर होतात, कारण त्यांतला निळसर रंग आधी उडतो. कोडाक्रोमचे रंग अंधारात उत्तम टिकतात, पण प्रोजेक्टरच्या प्रखर प्रकाशात लवकर फिके पडतात. त्यामुळे जुना प्रोजेक्टर सापडला, तरी सगळा खेळ पुन्हा मांडायचा मोह टाळावा. साध्या फोटोची प्रत निगेटिव्हवरून पुन्हा निघते. स्लाइडमध्ये मात्र कॅमेऱ्यातली मूळ फिल्मच असते. ती गेली, की चित्र गेलं.

बुरशी आणि आपली तब्येत

फिल्मवरचा चित्राचा थर जिलेटिनचा असतो आणि ते बुरशीचं आवडतं खाद्य. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर डबा हवेशीर जागी उघडा, मास्क लावा, नंतर हात धुवा. दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांनी हे काम दुसऱ्याकडे द्यावं. बुरशी लागलेली स्लाइड ओल्या कापडाने कधीही पुसू नका. बुरशीने पोखरलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि चित्रासकट निघून येतं. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे डाग पडतात. रबरी फुग्याचा ब्लोअर किंवा मऊ कोरडा ब्रश पुरे. स्लाइड नेहमी चौकटीला धरावी.

स्कॅन कसं करावं?

आधी निवड करा. वास येणाऱ्या स्लाइड वेगळ्या काढा, कारण त्यांची आम्लाची वाफ शेजारच्या चांगल्या स्लाइडनाही बाधते. त्या सर्वांत आधी स्कॅन करा.

स्लाइडचं चित्र जेमतेम २४ × ३६ मिलिमीटर असतं. २४०० डीपीआयला त्यातून सुमारे ७७ लाख बिंदू मिळतात, ४००० डीपीआयला सुमारे २ कोटी १४ लाख. पहिलं घरगुती वापराला पुरतं, मोठी छपाई हवी असेल तर दुसरं घ्यावं. स्कॅनरला फिल्मची सोय आहे का, हे आधी पाहावं. कागद स्कॅन करणारं साधं यंत्र इथे चालत नाही. काही स्कॅनर अवरक्त किरणांनी धूळ ओळखून पुसतात, पण कोडाक्रोमवर ती सोय नीट चालत नाही, तिथे बंद ठेवावी.

स्कॅनर नसेल, तर एका मोबाइलचा पडदा पूर्ण पांढरा करून स्लाइड त्याच्यापासून दोन-चार सेंटिमीटर वर धरावी आणि दुसऱ्या मोबाइलने फोटो काढावा. स्लाइड पडद्याला टेकवली, तर पडद्याचे ठिपकेही चित्रात येतात. ही पद्धत कामचलाऊ आहे, पण काहीच न करण्यापेक्षा बरी.

मूळ फाइल टिफमध्ये ठेवा, नातेवाइकांना जेपेग पाठवा. तीन प्रती असाव्यात, त्यातली एक दुसऱ्या गावी. स्कॅन झालं म्हणून मूळ स्लाइड फेकू नका. माळ्यावरून काढून घरातल्या थंड, कोरड्या खोलीत ठेवा. डांबराच्या गोळ्या आणि पीव्हीसीचे पाकीट टाळा.

नावं आजच विचारा

चौकटीवर छापलेला महिना-वर्ष बहुधा फिल्म धुतल्याचा असतो, फोटो काढल्याचा नव्हे. डब्यावर ‘वाशिम, जि. अकोला’ लिहिलेलं असेल, तर तो बहुधा १ जुलै १९९८ च्या आधीचा, कारण वाशिम जिल्हा त्या दिवशी झाला. मागे कारंज्याच्या स्टेशनात उभी शकुंतला दिसेल किंवा ब्रॉडगेज होण्याआधीचं वाशिम स्टेशन. घरचा फोटो असा गावाचाही पुरावा ठरतो.

पण चेहरे ओळखणारं यंत्र घरात एकच असतं, आजी किंवा आजोबा. स्कॅनिंग पुढच्या महिन्यावर गेलं तरी चालेल. आज संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसा, एकेक स्लाइड उजेडाकडे धरा आणि त्या सांगतील ते वहीत लिहून घ्या.