हिमस्खलन : थरांत दडलेले संकट

हिमालयात हिमस्खलन झाल्याचे वृत्त आले की निसर्गाचा कोप म्हणून आपण ते बाजूला सारतो. वस्तुतः कोसळण्याची ही तयारी उतारावर कित्येक आठवडे आधीपासून चाललेली असते आणि पुष्कळदा अखेरचा भार त्या उतारावरून जाणाऱ्या माणसाचाच पडतो.

पर्वतावर साचलेले हिम एकजिनसी नसते. प्रत्येक हिमवृष्टीचा एक थर, त्यावर दुसरा, अशी त्याची रचना असते. हिवाळ्याच्या आरंभी थर पातळ असताना निरभ्र रात्री त्याचा पृष्ठभाग अतिशय थंड होतो. जमिनीलगतचा भाग मात्र त्यामानाने उबदार राहतो. या तफावतीमुळे आतील बाष्प वर सरकते व तळाशी जाड, सुटे कण तयार होतात. मुठीत घेतले तर ते साखरेसारखे ओघळतात. त्यांवर पुढे वाऱ्याने दाबून बसविलेला घट्ट थर चढला, म्हणजे मोहरीच्या दाण्यांवर तिरपी फळी ठेवावी तशी अवस्था होते. एकट्या माणसाच्या वजनानेही ही फळी निसटते.

असे उतार बहुधा ३० ते ४५ अंशांचे असतात. त्याहून उभ्या कड्यावर हिम फारसे साचत नाही. पायथ्याच्या सपाट जागेवरही निर्धास्त राहता येत नाही, कारण वरून सुटलेला लोंढा तेथवर येतो. बद्रीनाथजवळील माणा येथे २८ फेब्रुवारी २०२५ रोजी सीमा रस्ते संघटनेच्या छावणीवर असाच लोंढा आला. ५४ कामगार त्यात सापडले. ४६ वाचले, ८ दगावले. अनेकांना लोखंडी कंटेनरांनी तारले, कारण आत श्वासापुरती हवा राहिली. चमोलीच्या उंच भागासाठी आदल्याच दिवशी धोक्याचा इशारा देण्यात आला होता. इशारा देणे ही अर्धीच व्यवस्था होय. छावणी केव्हा हलवावयाची, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हेही आधी निश्चित असावे लागते.

उघड्यावर गाडल्या गेलेल्या माणसाला पहिली दहा-पंधरा मिनिटेच काय ती मोलाची. बाहेरचे पथक तोवर क्वचितच पोहोचते. सुटका व्हायची ती सोबत्यांच्या हातून, आणि त्यासाठी प्रत्येकाजवळ संकेत देणारे व टिपणारे यंत्र, शोधसळई आणि फावडे हवे.

महाराष्ट्रातून गिर्यारोहणाच्या प्रशिक्षणासाठी व पदभ्रमणासाठी अनेक तरुण उत्तरकाशी, मनालीकडे जातात. धोका केवळ भर हिवाळ्यातच असतो, हा समजही सोडावयास हवा. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी ‘द्रौपदी का डांडा’ शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे पंचवीसहून अधिक प्रशिक्षणार्थी व प्रशिक्षक हिमस्खलनात मृत्युमुखी पडले. तुकडी पाठविणाऱ्या शिक्षकांनी आयोजकांस निवास-भोजनाबरोबरच हेही विचारावे : गेल्या दोन दिवसांत नवे हिम किती पडले, उन्हाने हिम ओले होण्यापूर्वी उतार ओलांडला जाणार आहे काय, आणि फावडी किती जणांजवळ आहेत?