लांडग्यांची संख्या कोणी ठरवावी?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी विस्कॉन्सिन हे संस्थान दूधदुभत्यासाठी आणि चीजसाठी जगभर ओळखले जाते. परंतु २०२१ च्या फेब्रुवारी महिन्यात ते गाजले ते तेथील अरण्यांत झालेल्या एका शिकारीमुळे. त्या महिन्याच्या २२ तारखेला, सोमवारी, रीतसर सरकारी हुकुमाने लांडग्यांच्या शिकारीचा हंगाम उघडला. एकंदर २०० लांडगे मारण्याची मर्यादा ठरली होती आणि त्यांपैकी ८१ लांडगे तेथील मूळ रहिवासी ओजिब्वे लोकांच्या करारसिद्ध हक्काचे म्हणून वेगळे काढल्यामुळे इतर परवानेदारांच्या वाट्याला ११९ येत होते. बुधवारी दुपारी हंगाम बंद झाला, तेव्हा सरकारी दप्तरात २१८ लांडग्यांची नोंद झालेली होती. पुरते तीन दिवसही लोटले नव्हते.

ही गोष्ट चोरट्या शिकाऱ्यांनी केली असती, तर तिच्यावर लिहिण्यासारखे फारसे नव्हते. येथे जे घडले ते बहुतांशी कायद्याच्या चौकटीत घडले, म्हणूनच ते बारकाईने पाहण्याजोगे आहे. मारलेल्या जनावराची वर्दी देण्यास शिकाऱ्याला २४ तासांची मुदत होती, आणि हंगाम बंद करावयाचा तर त्याची सूचना २४ तास अगोदर द्यावी असेही बंधन होते. म्हणजे मर्यादा ओलांडली गेली आहे हे राज्याच्या निसर्गसंपत्ती खात्याला कळेपर्यंत एक दिवस, आणि कळल्यावर बंदूक खाली ठेववण्यास आणखी एक दिवस! परवाने दीड हजारांच्या आसपास वाटलेले. जमिनीवर ताजे बर्फ पडलेले, त्यामुळे माग काढणे सोपे. आणि लांडग्यांमागे शिकारी कुत्री सोडण्याची मुभा, जी तेव्हा अमेरिकेत अन्यत्र कोठेही नव्हती. शिवाय फेब्रुवारी हा लांडग्यांच्या समागमाचा काळ. गाभण मादी पडली तर त्या टोळीची त्या सालची पिल्लेही तिच्याबरोबर जातात, आणि ती मात्र कोणत्याही दप्तरात नोंदली जात नाहीत.

खुद्द या खात्याला हा हंगाम तेव्हा नकोच होता. संघराज्य सरकारने जानेवारीत लांडग्यावरील संरक्षण उठवले होते, आणि पूर्ण तयारीनिशी नोव्हेंबरात हंगाम उघडावा, अशी खात्याची तजवीज होती. परंतु संरक्षण उठताच शिकारीचा हंगाम उघडलाच पाहिजे, असा राज्याचा २०१२ चा कायदा आहे. त्याच्या आधारे परराज्यातील एका शिकारी संघटनेने फिर्याद केली, आणि न्यायालयाने हंगाम ताबडतोब उघडण्याचा हुकूम दिला. किती लांडगे असावेत या प्रश्नाचे उत्तर प्राणिशास्त्रज्ञाने द्यावे, अशी आपली भाबडी कल्पना असते. येथे ते कायद्याच्या एका कलमाने दिले.

या कलमामागे फार जुनी परंपरा आहे. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत लांडगा मारणाऱ्यास इनाम देण्याचा ठराव १६३० मध्येच झाला होता. विस्कॉन्सिनने १८६५ मध्ये असे इनाम लावले आणि ते बंद केले १९५७ मध्ये, जेव्हा इनाम देण्यासारखा लांडगा जवळजवळ उरलाच नव्हता. पश्चिमेकडील गुरांच्या कुरणांत १९१५ पासून संघराज्य सरकारचे पगारी शिकारी नेमले गेले. यलोस्टोन या राष्ट्रीय उद्यानातही लांडग्यांना अभय नव्हते, आणि तेथील अखेरचे लांडगे १९२६ मध्ये मारले गेले. आपल्याकडील इंग्रजी अमदानीतही याच रीतीचा अवलंब झाला. वाघ, बिबटे आणि लांडगे हे शेतीच्या प्रसाराआड येणारे, महसुलाचे वैरी मानले गेले, आणि त्यांच्या मुंडक्यांवर व कातड्यांवर सरकारी खजिन्यातून रकमा चुकत्या होत राहिल्या. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात सुमारे दोन लाख लांडगे मारले गेले. याच काळात मारल्या गेलेल्या वाघांचा त्यांचा अंदाज ऐंशी हजारांचा आहे. वाघाच्या संहाराची हळहळ आपल्याकडे पुष्कळ झाली, लांडग्याची झाली नाही.

अमेरिकेत १९७३ चा संकटग्रस्त प्रजातींचा कायदा आला आणि वारे फिरले. विस्कॉन्सिनमध्ये लांडगे कोणी आणून सोडले नाहीत. शेजारच्या मिनेसोटातील अरण्यांत तगून राहिलेल्यांची संतती १९७० नंतरच्या दशकात आपणहून सीमा ओलांडून आली. यलोस्टोनमध्ये मात्र १९९५ आणि १९९६ या दोन हिवाळ्यांत कॅनडातून ३१ लांडगे मुद्दाम आणून सोडण्यात आले. या पुनरागमनाबरोबर एक आकडाही आला, आणि पुढच्या सगळ्या तंट्याचे मूळ त्या आकड्यात आहे. उत्तर रॉकी पर्वताच्या तीन राज्यांत मिळून निदान ३०० लांडगे आणि ३० प्रजननक्षम जोड्या झाल्या की पुनर्वसन साधले, असे ठरले होते. विस्कॉन्सिनने १९९९ च्या योजनेत ३५० ही संख्या लिहिली. आता ३५० म्हणजे याच्या खाली जाऊ नये ती संख्या, की याच्या वर जाऊ नये ती? संरक्षणवाद्यांनी ती पायरी मानली, शिकाऱ्यांनी छप्पर मानले. लांडग्यांची संख्या हजाराच्या आसपास गेली, तेव्हा एका पक्षाच्या मते कार्य सफल झाले होते आणि दुसऱ्याच्या मते साडेसहाशे लांडगे जादा झाले होते.

त्यानंतरची हकीकत बरीचशी न्यायालयांची आहे आणि वाचकाला तिच्यात फार वेळ गुंतवण्यात अर्थ नाही. संरक्षण उठवावे, कोणी दावा लावावा, न्यायाधीशाने ते पुन्हा लागू करावे, असे अनेकदा झाले. २०११ मध्ये तर अमेरिकी काँग्रेसने अर्थसंकल्पाच्या कायद्यात एक कलम घुसडून मोन्टाना आणि आयडाहो येथील लांडग्यांना संरक्षित यादीतून वगळले. एखादी प्रजाती शास्त्रीय प्रक्रियेला बगल देऊन थेट विधिमंडळाने यादीतून काढण्याचा तो पहिलाच प्रसंग. पुढे २०२१ मध्ये आयडाहोने शिकारीवरील बंधने इतकी सैल केली, की राज्यातील लांडग्यांपैकी नव्वद टक्क्यांपर्यंत मारले जाण्याचा मार्ग मोकळा झाला. त्या सालच्या हिवाळ्यात यलोस्टोनच्या हद्दीबाहेर पाऊल टाकणारे २५ लांडगे मारले गेले. उद्यानाची सीमा ही नकाशावरची रेघ आहे आणि ती लांडग्याला वाचता येत नाही.

आता शिकारीच्या बाजूने जे बोलले जाते ते नीट ऐकले पाहिजे, कारण शहरात राहून लांडग्यावर प्रेम करणे फुकटचे असते. ज्याच्या गोठ्यातील वासरू पहाटे फाडलेले सापडते, त्याचे नुकसान खरे असते. ते वासरू कोणी खाल्ले हे त्याला सिद्ध करता आले नाही तर भरपाईही मिळत नाही, आणि जी मिळते तीत रात्रीच्या जागरणाचा हिशेब नसतो. शिकाऱ्यांचे म्हणणे असे, की अमेरिकेतील वन्यजीवरक्षणाचा पुष्कळसा खर्च त्यांच्याच परवाना-शुल्कातून आणि १९३७ पासून बंदुका व काडतुसांवर बसलेल्या करातून भागतो. मग अरण्यातील हरणांचा वाटा लांडग्याने उचलावा आणि त्यांनी गप्प बसावे, हा कोठला न्याय? यातील पहिली तक्रार मला रास्त वाटते, दुसरीत अहंकाराचा भाग अधिक दिसतो. पण दोन्ही तक्रारी हंगामी शिकारीच्या एकाच उपायाने मिटतात हे म्हणणे काही केल्या पटत नाही.

याचे कारण लांडग्याच्या कुटुंबव्यवस्थेत आहे. लांडग्यांची टोळी म्हणजे एक जोडपे आणि त्यांची एकदोन सालची पिल्ले. प्रजनन बहुधा त्या जोडप्याचेच, आणि सावज कोणते धरावे, कोठे धरावे याचे शिक्षणही त्यांच्याचकडून. बर्फात कुत्र्यांनी उठवलेला लांडगा हा वासरू मारणारा आहे की आयुष्यभर हरणांवरच जगलेला आहे, हे बंदूकधाऱ्याला ठाऊक नसते आणि त्याला त्याचे सोयरसुतकही नसते. जोडप्यातील एक पडला की टोळी फुटण्याचा संभव असतो, आणि अननुभवी पिल्लांना गोठ्यातील वासरू हरणापेक्षा सोपे. लांडगे मारल्यावर पुढच्या साली गुरांचे नुकसान वाढते, असा निष्कर्ष वॉशिंग्टन राज्यातील संशोधकांनी २०१४ मध्ये काढला होता. तीच आकडेवारी दुसऱ्यांनी वेगळ्या रीतीने मांडून त्याच्या उलट निष्कर्ष काढला, हेही सांगितले पाहिजे. विज्ञानाचा निकाल असा दुभंगलेला असताना शिकारीला गुरांच्या रक्षणाचा उपाय म्हणून मिरवणे हे धाडसाचे आहे. हल्ला करणारा विशिष्ट लांडगा हुडकून दूर करणे ही गोष्ट निराळी, आणि तिला माझा विरोध नाही. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील बहराइच जिल्ह्यात लहान मुलांवर हल्ले झाले, तेव्हा वनखात्याने त्या टापूतील लांडगे पकडण्याचीच मोहीम काढली, आणि ती काढणे प्राप्तच होते. दोषी जनावराचा बंदोबस्त आणि परवाने वाटून केलेली सरसकट शिकार या दोन गोष्टी वादाच्या भरात एका नावाखाली दडपल्या जातात, आणि दुसरी पहिलीच्या पुण्याईवर चालते.

हरणांबद्दलचा एक हिशेब तर शिकाऱ्यांना मुळीच न मानवणारा आहे. विस्कॉन्सिनमध्ये हरणे मोटारींवर आदळून दरसाल हजारो अपघात होतात. बावीस वर्षांची आकडेवारी तपासून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की ज्या परगण्यांत लांडगे आले तेथे असे अपघात सरासरीने २४ टक्क्यांनी घटले. हरणे कमी झाल्यामुळे ही घट झाली असे कोणालाही वाटेल. परंतु अभ्यासकांच्या मते तिचा मोठा भाग भीतीमुळे घडला. लांडगे रस्ते आणि पाइपलाइनचे मोकळे पट्टे येण्याजाण्यासाठी वापरतात, म्हणून हरणे त्या वाटा टाळू लागतात. शिकारी वर्षातून काही दिवस येतो, लांडगा बारमास तेथेच असतो. हा धाक परवान्याने पुरवता येत नाही. अपघात टळल्याने वाचलेला पैसा गुरांच्या नुकसानीच्या कित्येक पटींनी अधिक भरला. मात्र तो वाचला मोटारवाल्याचा आणि विमा कंपनीचा, आणि वासरू गेले शेतकऱ्याचे. सगळी अडचण या वाटणीत आहे.

भरपाईच्या व्यवहारातही गमती आहेत. अस्वलाच्या शिकारीसाठी अरण्यात सोडलेले कुत्रे लांडग्याच्या हद्दीत शिरून मारले गेले, तर विस्कॉन्सिनचा सरकारी खजिना धन्याला एका कुत्र्यामागे अडीच हजार डॉलरपर्यंत देतो. दुसऱ्याच्या घरात कुत्रे घालून वर घरमालकाकडून दंड उकळण्याचाच हा प्रकार. याउलट खरोखर उपयोगी असा एक साधा उपाय आहे: गुरांच्या कुंपणाभोवती दोरी ताणून तिच्यावर हातहात अंतराने तांबड्या कापडाच्या पट्ट्या लोंबत सोडायच्या. त्या वाऱ्यावर हलतात आणि लांडगा बुजून मागे फिरतो. पूर्व युरोपातील शिकारी याच पट्ट्यांनी लांडग्यांना कोंडून मारीत असत. आता त्या त्यांना दूर ठेवण्याकरिता वापरल्या जातात. हा बहाणा कायमचा चालत नाही, दोनएक महिन्यांत लांडगा शहाणा होतो. पण वासरे लहान असतात तो काळ त्यात निभावून जातो.

आपल्याकडे हे ज्ञान धनगराला पिढीजात आहे. सोलापूर, नगर, पुणे जिल्ह्यांच्या दुष्काळी माळरानांवर, सुपे-जेजुरीच्या टापूत, मेंढरांचा वाडा उतरला की संध्याकाळी वाघूर, म्हणजे जाळ्याचे कुंपण, लावून मेंढरे आत घ्यायची, लहान कोकरे डालीखाली झाकायची, कुत्री बाहेर मोकळी सोडायची आणि रात्रीचा पहारा वाटून घ्यायचा, हा त्याचा बंदोबस्त होय. इतके करूनही एखादे कोकरू जातेच. भारतातील वन्यजीव संरक्षण कायद्याने लांडग्याला पहिल्या अनुसूचीत घातले असल्यामुळे येथे शिकारीच्या हंगामाचा प्रश्न उद्भवत नाही, आणि मेंढरू मेल्यास सरकारी नुकसानभरपाईची तरतूद आहे. परंतु पंचनाम्याला माणूस येईपर्यंत मुक्कामावर थांबायचे तर शंभर मेंढरांचा चारा कोठून आणायचा, म्हणून वाडा पुढे निघतो आणि अर्ज कागदावरच राहतो. लांडग्याच्या नाशाचा मोठा धोका येथे बंदुकीपेक्षा माळ नाहीसा होण्यात आहे: ज्या गवताळ जमिनीला सरकारदप्तरी पडीक म्हणतात, तेथे कारखाने, ऊस आणि इमारती आल्या की धनगर आणि लांडगा दोघेही एकदमच बेघर होतात.

विस्कॉन्सिनच्या ओजिब्वे लोकांची श्रद्धा अशी, की पहिला माणूस आणि लांडगा यांनी भावाभावांसारखे पृथ्वीपर्यटन केले, आणि एकाच्या नशिबी येते तेच दुसऱ्याच्या नशिबी येते. आपल्या वाट्याचे ८१ लांडगे त्यांनी मारले नाहीत. ते जिवंत राहावेत म्हणूनच त्यांनी हक्क सांगितला होता. इतर शिकाऱ्यांनी आपली मर्यादा ओलांडून जे ९९ लांडगे अधिक मारले, त्यांत हा वाटाही गेला.

२०२१ च्याच ऑगस्टात राज्याच्या निसर्गसंपत्ती मंडळाने खात्याची शिफारस डावलून ३०० लांडग्यांची नवी मर्यादा ठरवली. ऑक्टोबरात राज्याच्याच न्यायालयाने तो हंगाम रोखला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातील संघन्यायालयाने विस्कॉन्सिनच्या लांडग्यांना संरक्षण परत दिले. २०२३ च्या नव्या योजनेतून ३५० चा आकडा वगळण्यात आला. २०१२ चा कायदा मात्र जसाच्या तसा आहे, आणि संघराज्याचे संरक्षण ज्या दिवशी पुन्हा उठेल, त्यानंतरच्या पहिल्याच मोसमात राज्याला शिकारीचा हंगाम उघडावा लागेल.